विश्लेषण : गंगापूरचे दरवाजे बंद, तरी नासर्डीला पूर का येतो?

जोराचा पाऊस सुरू झाला की नाशिककर दोन गोष्टी विचारतात : गंगापूर धरणातून विसर्ग किती आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? नासर्डीकाठी राहणाऱ्यांना मात्र या दोन्ही खुणा पुरेशा नाहीत.

नासर्डी वाहते कुठून?
शहराच्या पश्चिमेकडील उतारांवरचे पाणी घेऊन ही छोटी नदी सातपूर, मुंबई नाका, नाशिक-पुणे रस्ता अशी वाहत आगर टाकळीला गोदावरीला मिळते. नंदिनी हे तिचे दुसरे नाव. याच संगमाजवळ समर्थ रामदासांनी १२ वर्षे तप केल्याचे सांगितले जाते.

धरणाचा संबंध का नाही?
गंगापूर धरण गोदावरीवर, शहराच्या वरच्या बाजूला आहे. नासर्डी त्याच्या बरीच खाली मिळते, म्हणजे तिचे पाणी धरणात जातच नाही. दुतोंड्या मारुतीही संगमाच्या वरच आहे. त्यामुळे तिथे पाणी कमी असले तरी नासर्डी भरून वाहू शकते.

पाणी झटपट का चढते?
१ चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ कोटी लिटर पाणी. पूर्वी यातले बरेचसे शेतात, मोकळ्या जागेत मुरायचे. आता स्लॅब, डांबर आणि काँक्रीटवरून ते थेट पात्रात येते. पात्र भराव आणि बांधकामांनी अरुंद झाले असेल, तर तेवढेच पाणी जास्त उंची गाठते. गोदावरीही भरलेली असेल, तर संगमाजवळ नासर्डीचे पाणी मागे तुंबते.

मग उन्हाळ्यात पाणी कसे?
खाली बेसॉल्टचा कठीण खडक, वर मातीचा थर. या खडकात पाणी फार साठत नाही. म्हणून अशा छोट्या नद्या पावसाळ्यानंतर काही महिन्यांत आटतात. नासर्डीत भर उन्हाळ्यात दिसते ते मुख्यतः सांडपाणी. वर्षभर तसेच पाहिल्याने लोक तिला नाला म्हणू लागले.

रहिवाशांनी काय पाहावे?
विसर्गाबरोबरच पश्चिमेकडे किती पाऊस पडतोय, हेही पाहावे. घर घेताना पूररेषा तपासावी : निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अर्थात, ही सरासरी आहे. असे पूर लागोपाठच्या दोन वर्षांतही येऊ शकतात.