भूपट्टांची संथ गती आणि भूकंप : हिमालयाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
भूकंप काही सेकंदांत घडतो. परंतु त्याला कारणीभूत होणारा ताण शतकानुशतके साचत असतो. एखाद्या प्रदेशात दीर्घकाळ मोठा भूकंप झाला नाही म्हणजे तो सुरक्षित आहे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूपट्टांची गती :
पृथ्वीचे शिलावरण लहानमोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे. त्यांपैकी भारतीय भूपट्ट यूरेशियन भूपट्टाकडे वर्षाला सुमारे ४ सें.मी. सरकतो. नखे वाढण्याचा वेगही जवळपास एवढाच असतो. यांपैकी सुमारे निम्मी, म्हणजे वर्षाला १८ ते २० मि.मी. हालचाल हिमालयाच्या पट्ट्यात सामावली जाते.

ताणाचा संचय :
भारतीय भूपट्ट हिमालयाखाली मंद उताराच्या एका विशाल विभंगावरून सरकतो. खोलवर उष्णतेमुळे खडक मऊ असल्याने तेथे हे सरकणे अखंड चालते. वरच्या भागात मात्र घर्षणामुळे विभंगाच्या दोन्ही बाजू परस्परांत अडकून राहतात. भूपट्ट थांबत नाही. त्यामुळे अडकलेल्या भागाभोवतीचे खडक वाकतात व त्यांत ऊर्जा साठते. ताण घर्षणापेक्षा अधिक झाला की खडक एकाएकी सरकतात आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने मुक्त होते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या आधीच्या व नंतरच्या भूमापनाची तुलना करून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये हा ‘स्थितिस्थापक प्रतिक्षेप’ सिद्धांत मांडला.

संचयाचे गणित :
वर्षाला २ सें.मी. हालचाल अडून राहिल्यास शंभर वर्षांत २ मीटर आणि पाचशे वर्षांत १० मीटर सरकणे शिल्लक राहते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ परिमाणाचा भूकंप झाला. काठमांडू परिसर काही सेकंदांत दीड मीटरच्या आसपास दक्षिणेकडे सरकला आणि सुमारे ९,००० माणसे मृत्युमुखी पडली. मात्र पश्चिम नेपाळमध्ये १५०५ नंतर तेवढा महाभूकंप झालेला नाही. तेथील शांतता हे तणावमुक्तीचे नव्हे, तर संचयाचे लक्षण होय.

लहान धक्क्यांनी हा ताण हळूहळू ओसरतो, ही समजूतही टिकत नाही. परिमाण एका अंकाने वाढले की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजेच ८ परिमाणाच्या एका भूकंपाची ऊर्जा मुक्त होण्यास ६ परिमाणाचे सुमारे एक हजार भूकंप व्हावे लागतील.

भूपट्टाचा अंतर्भाग :
भूपट्टाच्या सीमेपासून दूर असलेल्या महाराष्ट्रात ताण याहून कितीतरी संथपणे साचतो. त्यामुळे तेथे भूकंप विरळ होतात. पण ते होतच नाहीत, असे नाही. किल्लारीचा परिसर तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपात सुमारे १०,००० बळी गेले. जड दगडमातीच्या घरांमुळे ही हानी वाढली. पुढे २००२ मध्ये विभाग १ नकाशातूनच वगळण्यात आला.

समारोप :
ताण किती साचत आहे, हे उपग्रहाधारित मापनाने सांगता येते. तो कोणत्या दिवशी मुक्त होईल, हे सांगता येत नाही. म्हणून भाकिताची वाट न पाहता शांततेच्या काळातच भूकंपरोधक घरे, शाळा व रुग्णालये उभारणे, हाच या ज्ञानाचा खरा उपयोग होय.