के. आर. पुरममध्ये कफाचं पंचांग वेगळं

सर्दी-पडसं झालं की दही-केळं बंद आणि आल्याचा रस सुरू, इथवर बहुतेक घरांचा आयुर्वेद पोचलेला असतो. ग्रंथातला कफ मात्र घशातल्या बेडक्यापुरता नाही. जड, थंड, स्निग्ध, मंद अशा गुणांनी तो ओळखतात. शरीराला बळ आणि सांध्यांना वंगण तोच देतो. त्यामुळे त्याला हाकलून चालत नाही, मापात ठेवावं लागतं आणि ते माप ऋतूवर ठरतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’नुसार शिशिरात साचलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, जठराग्नी मंदावतो आणि आजार डोकं वर काढतात. हा वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये आलेलं कुटुंब हेच पंचांग सोबत आणतं आणि तिथे ते चुकतं.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबईत जुलै सर्वांत ओला, तर इथे पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात. थंडी पौष-माघात आणि फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागतं; एप्रिल तर वर्षातला सर्वांत गरम महिना. म्हणजे कफ पातळ होण्याची वेळ इथे फाल्गुनातच येते. सुश्रुतसंहितेत ऋतूंच्या दोन मांडण्या आहेत. वात, पित्त, कफ या दोषांच्या विचारासाठी दिलेल्या दुसऱ्या मांडणीत वसंत फाल्गुन-चैत्रात आणि वर्षाऋतू भाद्रपद-आश्विनात येतो. के. आर. पुरमच्या हवेशी ती पहिलीपेक्षा जास्त जुळते. सोयीचं पंचांग निवडलं तर त्याला शास्त्र कसं म्हणायचं, असं कोणी विचारेल. पण जांगल, अनूप आणि साधारण असे देशाचे प्रकार ग्रंथांनीच केले, पाणथळ अनूप प्रदेशात कफ जास्त हेही त्यांनीच सांगितलं. जागा पाहून नियम लावणं ही त्यांचीच शिस्त आहे.

या शिस्तीसाठी लागणारं सामान के. आर. पुरमच्या बाजारातच मिळतं. कुळीथ कफ आणि वात कमी करणारे मानतात. कोकणात त्यांच्या पिठाचं पिठलं होतं, कर्नाटकात त्याच कुळथाचं हुरळी सारू. फाल्गुन लागला की ते वरचेवर करावं, तिखट-कडू-तुरट चवी वाढवाव्यात, तळलेलं आणि गोडधोड कमी करावं. मोसरन्न, म्हणजे दहीभात, दुपारी खावा. रात्री दही चरकानेच वर्ज्य सांगितलं आहे. खरी अडचण झोपेची. दिवसा झोपल्याने कफ वाढतो, पण व्हाइटफील्डच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्याने मग झोपायचं कधी? वाग्भटाने यावर तोड दिली आहे: जागरण झालं असेल तर जितकं जागलो त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, काही न खाता झोपावं. घरी येऊन भरपेट नाश्ता करून आडवं होण्याची सवय मोडली, तर पाळी न बदलताही नियम सांभाळता येतो.

मोठा आक्षेप उरतो तो असा, की कफ कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. हा आक्षेप खराच आहे, आणि म्हणून कफाची कल्पना दिनचर्येपुरती वापरावी, रोगनिदानासाठी नाही. शिवाय बेंगळुरूतलं प्रत्येक नाक ऋतूमुळेच वाहतं असंही नाही. जुन्या मद्रास रस्त्याची धूळ आणि वाहनांचा धूर आहेच, त्यात १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं गाजर गवत इथेही माजलं आहे. त्याच्या परागांनी आलेल्या शिंका कुळथाने थांबत नाहीत. दम लागला, ताप हटेना किंवा कफातून रक्त पडलं तर डॉक्टरच गाठावा, दम्याचा पंप काढ्यासाठी सोडू नये आणि वमनासारखा, म्हणजे औषधाने उलटी करवण्याचा, उपचार वैद्याशिवाय करू नये. एवढी हद्द पाळली तर हा विचार उपयोगी ठरतो, कारण ‘माझी प्रकृती कफाची’ असा शिक्का मारून घेण्यापेक्षा आपण राहतो तिथे गारवा केव्हा सरतो आणि ऊन केव्हा लागतं, हे पाहून ताट आणि झोप बदलणं कोणालाही जमण्यासारखं आहे.