बस एक, प्रोसेसर अनेक

अनेक प्रोसेसरांना एकाच मेमरीवर काम करायला लावायचे, तर सर्वांत सोपी जोडणी म्हणजे सामाईक बस. ती निवडताना काही समजुती हमखास आड येतात.

गैरसमज: प्रोसेसर दुप्पट केले की काम दुप्पट वेगाने होते.

वस्तुस्थिती: साध्या बसवर एका वेळी एकाचाच डेटा जातो, बाकीचे ताटकळतात. 1995 च्या पेंटियम प्रोची बस 64 बिटांची, 66 मेगाहर्ट्‌झची. म्हणजे सेकंदाला फार तर सुमारे 530 मेगाबाइट. चार प्रोसेसर बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला उरतात 130 च्या आसपास.

गैरसमज: बसचा कमाल वेग पाहिला की झाले.

वस्तुस्थिती: बसपर्यंत किती मागण्या पोचतात, हे आधी पाहावे. 95 टक्के मागण्या प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्येच भागल्या, तर 5 टक्के बसवर येतात. 98 टक्के भागल्या, तर दोनच. एवढ्या फरकाने त्याच बसवर अडीचपट प्रोसेसर नांदू शकतात. शिवाय मेमरीचे उत्तर येईपर्यंत बस अडवून ठेवली, तर कमाल वेग कागदावरच राहतो. मागणी नोंदवून बस लगेच मोकळी करणारी ‘स्प्लिट ट्रॅन्झॅक्शन’ पद्धत त्यासाठीच आली.

गैरसमज: कॅश मोठी घेतली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: एका प्रोसेसरने आपल्या कॅशमधली प्रत बदलली की इतरांकडच्या प्रती शिळ्या होतात. म्हणून प्रत्येक कॅश बसकडे कान लावून असते; हेच स्नूपिंग. समजा, दोन प्रोसेसर आपापला काउंटर वाढवत आहेत आणि दोन्ही काउंटर कॅशच्या एकाच 64 बाइटांच्या ओळीत पडले. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, तरी ती ओळ दोघांत सारखी हेलपाटे घालते. इथे मोठी कॅश उपयोगाची नाही. काउंटर वेगळ्या ओळींत हलवावे लागतात.

गैरसमज: बस आता कालबाह्य झाली.

वस्तुस्थिती: मोठ्या सर्व्हरांपुरते हे खरे. एएमडीने 2003 च्या ऑप्टेरॉनमध्ये आणि इंटेलने 2008 च्या नेहालेमपासून सामाईक बस सोडून प्रोसेसर थेट दुव्यांनी जोडले. पुण्याच्या सी-डॅकने 1991 च्या ‘परम 8000’मध्ये मेमरीही सामाईक ठेवली नव्हती: त्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला, म्हणजे ट्रान्सप्युटरला, चार दुवे आणि सगळा व्यवहार निरोपांतून. त्याचा भार मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर पडतो, कारण कामाची आणि डेटाची वाटणी त्यालाच करावी लागते. बसवर सर्वांना सगळे व्यवहार एकाच क्रमाने दिसतात, त्यामुळे दोन-चार प्रोसेसरांसाठी ती आजही स्वस्त आणि सुटसुटीत आहे.

तेव्हा आपला प्रोग्रॅम दर प्रोसेसरमागे बसवर किती डेटा आणतो, ते आधी मोजा. किती प्रोसेसर घ्यायचे, हे त्यावरून ठरवा.