हिवाळ्यातील अळी-संवर्धन

शाळेच्या मत्स्यपेटीतील माशांना व कोंबड्यांच्या पिलांना सकस खाद्य म्हणून पिठातील अळ्या पाळता येतात. गव्हाच्या कोंड्यात वाढणारी ही पिवळसर अळी म्हणजे एका काळसर भुंगेऱ्याची बाल्यावस्था होय. पावसाळ्यात जोमाने वाढलेला हा संवर्ध मार्गशीर्ष-पौषात एकाएकी मंदावतो. अळ्या खाईनाशा होतात, भुंगेरे अंडी घालीनासे होतात आणि संवर्ध मेला असे समजून तो फेकून दिला जातो. हा समज बहुधा चुकीचा असतो.

मनुष्य, गाय, कोंबडी यांचे शरीर स्वतःची उष्णता कायम राखते. कीटकांचे तसे नाही. भोवतालची हवा जितकी उबदार, तितकेच त्यांचे खाणे, वाढणे व प्रजनन चालते. या अळीस २५ ते २८ अंश सेल्सिअस उष्णतामान मानवते. ते १५ अंशांच्या खाली उतरले की वाढ जवळजवळ थांबते. निफाडसारख्या गावी तर काही वर्षी पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली जातो. तथापि मोठी अळी अशा थंडीत लगेच मरत नाही, ती सुस्त पडते. चार-पाच अळ्या तळहातावर घेऊन काही मिनिटे ऊब दिल्यास त्या हालू लागतात. मेलेली अळी मात्र काळी व लिबलिबीत होते.

यावरून व्यवस्थेचे सूत्र ध्यानी येईल. सर्व डबे उबदार ठेवण्याची आवश्यकता नाही. खाद्यासाठी काढावयाच्या मोठ्या अळ्या गार जागी राहिल्या तरी चालते. उलट त्यांचे कोष होणे लांबते. भुंगेरे, अंडी व कोवळ्या अळ्या यांच्या डब्यास मात्र ऊब हवी.

त्यासाठी एक लाकडी खोके घ्यावे. तळाशी व चारही बाजूंस भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत चार बोटे जाड दाबून भरावे व मध्ये डबा ठेवावा. शाळा सुटताना घट्ट बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती गोणपाटात गुंडाळावी व डब्याच्या शेजारी ठेवावी. डब्याखाली ठेवू नये. पाणी शिक्षकांनीच भरावे, मुलांच्या हाती देऊ नये. खोक्यावर गोणपाट टाकावे, पण हवा खेळण्यास फट ठेवावी. डब्याच्या तोंडास कापड बांधावे. घट्ट झाकणाखाली दव साचून कोंड्यास बुरशी धरते, आणि ती थंडीपेक्षाही अधिक हानी करते. याच कारणास्तव गाजर-बटाट्याच्या फोडी संपतील तेवढ्याच द्याव्यात.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, पेंढ्याच्या खोक्यात कंदील, निखारे किंवा विजेचा दिवा ठेवून शाळा बंद करणे. अळ्या गेल्या तर पुन्हा मिळतील. शाळा जळाली तर काय करावयाचे? दुसरी, ऊब मिळते म्हणून डबा पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात नेणे. हा भुंगेरा साठविलेल्या धान्याचा शत्रू आहे. मुलांच्या तांदळाच्या कोठीजवळ त्यास कदापि जागा देऊ नये.

या कामातून पाठही उत्तम साधतो. एक डबा पेंढ्याच्या खोक्यात व दुसरा उघड्या फळीवर ठेवावा. दोहोंत सारख्याच अळ्या व सारखाच कोंडा असावा. पाचवीच्या विद्यार्थ्यांनी रोज सकाळी दोन्हींचे उष्णतामान नोंदवावे, दर आठवड्यास दहा अळ्यांची लांबी मोजून सरासरी काढावी व महिन्याअखेर आलेख रेखाटावा. थंडीने वाढ खुंटते हे वाक्य मग पाठ करून घ्यावे लागणार नाही; मुलांच्या वहीतील आकडेच ते सांगतील. फाल्गुनात ऊन तापू लागले की पेंढा काढून टाकावा, कारण ३० अंशांच्या पुढील उष्मा त्यांना बाधक ठरतो.