बेडकाच्या पायावरून झालेला वाद

श्रोतेहो, दोन शास्त्रज्ञांचे एकमत होत नाही असे कानावर आले की आपल्यापैकी काहीजण म्हणतात, "यांचेच यांना कळेना, मग आम्ही विश्वास ठेवायचा तरी कोणावर?" शंका रास्त आहे. पण प्रत्येक वाद म्हणजे बांधावरचे भांडण नव्हे. एक जुनी हकीकत सांगतो.

इटलीतल्या बोलोन्या शहरी गाल्व्हानी नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूंचा स्पर्श झाला की तो पाय झटकन आखडतो, असे त्यांना दिसले. प्राण्याच्या शरीरातच वीज असते, असा निष्कर्ष त्यांनी १७९१ साली प्रसिद्ध केला. पाव्हियाच्या व्होल्टा यांनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला. आधी त्यांना तो पटलाही. पण पुढे त्यांच्या ध्यानात आले की, धातू दोन निरनिराळे असले म्हणजे पाय जोराने हलतो. मग ते म्हणाले, वीज धातूंच्या स्पर्शातून येते. बेडूक ती फक्त दाखवतो.

आता गंमत पाहा. गाल्व्हानींच्या बाजूने उत्तर आले ते प्रयोगाचे. १७९४ साली धातू मुळीच न वापरता, नुसता मज्जातंतू स्नायूला टेकवून पाय हलवून दाखवण्यात आला. इकडे व्होल्टांनी बेडूकच वगळला! जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि १८०० साली जगाला पहिली बॅटरी मिळाली. ती पाहायला गाल्व्हानी नव्हते. १७९८ सालीच ते वारले होते. तुमच्या विजेरीतला सेल हा त्याच चळतीचा वंशज.

मग खरे कोण? दोघेही थोडे थोडे. शरीरात वीज असते, म्हणून तर डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात. दोन धातूंपासूनही वीज मिळते. मात्र ती नुसत्या स्पर्शाने नव्हे, रासायनिक क्रियेमुळे, हे पुढे इतरांनी दाखवले.

हा वाद फळला, कारण दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत होते, एकाचा प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येत होता, आणि काय दिसले म्हणजे कोणाचे चुकले, हे ठरवता येत होते. जिथे हे नसते तिथे आवाज तेवढा वाढतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, अंधारात बी रुजते की नाही, यावर उद्या वर्गात दोन मुले हमरीतुमरीवर आली, तर निकाल तुम्ही देऊ नका. त्यांना दोन वाट्या आणि मूठभर भिजवलेली मटकी द्या. एक वाटी खिडकीत, दुसरी कपाटात. चार दिवसांनी त्यांनाच विचारा.