आधी खोलीतला दिवा, मग टँकचा

एक्वेरियममधल्या माशांना पापण्या नसतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची बाहुली आपल्यासारखी पटकन लहान-मोठी होत नाही. उजेडाशी जुळवून घ्यायला दृष्टिपटलातल्या पेशी थोड्या सरकतात, आणि त्याला बराच वेळ लागतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत टँकचा एलईडी एकदम लावला, की मासे सैरभैर होतात, काचेवर आदळतात. उपाय फुकटचा आहे: आधी पडदा उघडा किंवा खोलीतला दिवा लावा, अर्ध्या तासाने टँकचा. रात्री उलट क्रम.

कार्डिनल टेट्राचं घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रोचं खोरं. कुजलेल्या पानांमुळे तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, आणि वर जंगलाची सावली. पांढऱ्या वाळूवर, लख्ख उजेडात हाच मासा फिका पडतो आणि दडून बसतो. त्याला गडद वाळू द्या, पाण्यावर तरंगणारी वनस्पती सोडा. देशी बदामाची गळलेली, वाळलेली पानंही धुऊन टाकता येतात. ती पाण्याला तसाच रंग देतात. (पानं रहदारीच्या रस्त्यावरची नकोत.) रात्री टेट्राचा निळा पट्टा मंदावतो, तो आजार नव्हे; सकाळी परत येतो.

दिवसाला आठ-दहा तास उजेड पुरतो. त्याहून जास्त ठेवलात तर फायदा शेवाळाचाच. साधा टायमर लावून टाका. नवे मासे आणलेत त्या दिवशी मात्र टँकचा दिवा बंदच असू द्या, पाहुण्यांना दाखवायची कितीही घाई असली तरी.