ट्रॉलीचा मागचा दिवा

वसमतकडं ऊसतोडणी सुरू झाली, की रस्त्यावर रात्री-बेरात्री ट्रॉल्या चालतात. पुढं हळदीचा हंगाम येतो. मग कळमनुरी, सेनगाव, औंढा इकडचा माल हिंगोलीच्या मोंढ्याकडं निघतो. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लख्ख असतात. मागं मात्र अंधार! मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते, तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो.

दिवा का लागत नाही? बल्ब उडाला, असं आपण लगेच म्हणतो. पुष्कळदा बल्ब चांगला असतो.

वीज कशी फिरते ते आधी पाहू. पाटाचं पाणी शेतात गेलं की काम झालं. विजेचं तसं नाही. ती बॅटरीतून निघते, दिव्यातून जाते आणि बॅटरीकडं परत येते. जायची वाट वायरची. परत यायची वाट बहुधा ट्रॉलीच्या लोखंडातून असते. तिला अर्थिंग म्हणतात. लोखंडाला गंज चढला किंवा रंगाचा थर बसला, की ही वाट अडते. याची एक खूण आहे. इंडिकेटर लावावा, तर भलताच दिवा मिणमिणतो. असं दिसलं तर बल्ब आणायला धावू नका. अर्थिंगची वायर जिथं बोल्टाखाली बसते, ती जागा कानशीनं घासून चकचकीत करा. बोल्ट घट्ट आवळा.

दोष ट्रॅक्टरात की ट्रॉलीत, हे कसं ओळखावं? 12 व्होल्टचा एक चांगला बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन वायरी जोडा. ट्रॉलीचा प्लग काढा. ट्रॅक्टरचे दिवे चालू करा. एक वायर ट्रॅक्टरच्या स्वच्छ लोखंडाला धरा, दुसरी सॉकेटच्या एकेका पिनेला लावा. दिव्याच्या पिनेवर बल्ब पेटला, तर वीज तिथवर येते. दोष पुढं आहे. नाही पेटला, तर ट्रॅक्टरचा फ्यूज पहा. फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल, तर कुठंतरी सोललेली वायर लोखंडाला टेकते आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालू नका. तार जळत नाही, मग वायरिंग पेटतं.

वायर बहुधा हुकाजवळ तुटते. वळणावर ताणली जाते, खाली लोंबली तर घासते. उंदीरही कुरतडतात. तिथं थोडी ढील ठेवून ती बांधून घ्या.

बल्ब बदलायचाच असेल, तर त्यावरचा आकडा वाचा. आता तुम्हाला वाचता येतं! 24 व्होल्टचा बल्ब 12 व्होल्टच्या ट्रॅक्टरवर मंद जळतो. मागच्या दिव्याच्या बल्बवर 21/5 असं लिहिलेलं असतं. 5 वॅटची तार रात्रीच्या दिव्याची, 21 वॅटची ब्रेकची.

शेवटी एकानं ब्रेक दाबावा, दुसऱ्यानं मागं उभं राहून पहावं. उसाची वाढी दिव्यावर लोंबत असतील तर तीही कापावीत. लाल परावर्तक पुसून ठेवावेत. त्यांना वीज लागत नाही.